पीट पॉसलथ्वेट : एका चरित्र अभिनेत्याची कारकीर्द

पॉसलथ्वेट, पीट (७ फेब्रुवारी १९४६ – २ जानेवारी २०११) : ब्रिटिश रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील अभिनेते. नायकाच्या भूमिका त्यांच्या वाट्याला क्वचितच आल्या. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील ब्रिटिश चित्रपटाचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. गालफडांची हाडे वर आलेला, ओबडधोबड पण विलक्षण बोलका चेहरा, खर्जातला आवाज आणि कष्टकरी वर्गातील माणसाचा नेमका वावर ही त्यांची पुंजी होती.

त्यांचा जन्म इंग्लंडच्या वायव्येस लँकाशायरमधील (आता चेशायर) वॉरिंग्टन या कारखान्यांच्या गावी, एका कॅथलिक कामगार कुटुंबात झाला. चार भावंडांत ते धाकटे. पाद्री व्हावे म्हणून काही काळ ते धर्मशिक्षणाच्या शाळेत होते. पुढे लंडनजवळच्या स्ट्रॉबेरी हिल येथील सेंट मेरीज कॉलेजात त्यांनी शिक्षकी पेशाचे शिक्षण घेतले आणि मँचेस्टरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत नाट्यविषय शिकवला. पोटापाण्याची सोय झालेली असतानाही वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत प्रवेश घेतला. इतके लांबलचक आडनाव नटाला परवडायचे नाही, ते बदला, असा सल्ला त्यांना सुरुवातीलाच मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही.

त्यांची खरी जडणघडण लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये झाली. होप स्ट्रीटवरच्या एका जुन्या प्रार्थनागृहात १९६४ साली सुरू झालेले हे नाट्यगृह सत्तरच्या दशकात ऐन भरात होते. जोनाथन प्राइस, बिल नाय, ज्युली वॉल्टर्स, अँटनी शेर हे सारे तेव्हा तरुण आणि अनोळखी नट होते, तर विली रसेल आणि अ‍ॅलन ब्लीझडेल यांच्यासारखे स्थानिक लेखक तिथे लिहीत होते. नाटके शहरातल्या माणसांबद्दल, त्यांच्याच बोलीत असत. प्रसंगी मंडळी नाटक घेऊन थेट पबमध्ये जात. हातात पेला घेऊन बसलेल्या, कधीही पाठ फिरवू शकणाऱ्या प्रेक्षकाला धरून ठेवायचे, आणि आज मोठी तर उद्या चार वाक्यांची भूमिका तितक्याच जबाबदारीने करायची, अशी ही शिस्त होती. पॉसलथ्वेट यांच्या चित्रपटांतल्या छोट्या भूमिकाही भरीव वाटतात, त्याचे मूळ इथे आहे. पुढे ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेले. १९८६ च्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये त्यांनी बॉटम हा विनोदी विणकर साकारला.

चित्रपटात ते १९७७ च्या ‘द ड्युएलिस्ट्स’मधल्या किरकोळ भूमिकेतून आले, पण लक्ष वेधले ते टेरेन्स डेव्हिस यांच्या ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ज’ (१९८८) ने. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरावर बेतलेल्या या चित्रपटात ते लिव्हरपूलमधल्या एका कामगार कुटुंबातील मारकुट्या बापाच्या भूमिकेत आहेत. नाताळच्या आदल्या रात्री हा बाप झोपलेल्या मुलांकडे मायेने पाहतो, भेटवस्तूंचा मोजा हळूच पलंगाला अडकवतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मुले गप्प बसलेली असताना तो टेबलक्लॉथ हिसडून सगळे ताटवाट्यांसकट जमिनीवर फेकतो आणि बायकोला ते आवरायला ओरडून सांगतो. या दोन प्रसंगांमध्ये कसलेही स्पष्टीकरण नाही. पॉसलथ्वेटही ते देऊ पाहत नाहीत. दोन्ही माणसे एकच आहेत, एवढेच ते पटवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही त्यांची सर्वांत धाडसी भूमिका होय.

‘इन द नेम ऑफ द फादर’ (१९९३) मधला बाप याच्या अगदी उलट आहे. इंग्लंडमधील १९७४ च्या गिल्डफर्ड बॉम्बस्फोट प्रकरणात निरपराध आयरिश माणसांना शिक्षा झाल्या. त्यांतल्या एकाचे वडील, मुलाच्या सुटकेसाठी बेलफास्टहून आलेले ज्युसेप्पी कॉनलन (पॉसलथ्वेट यांची भूमिका), यांनाही त्यात गोवण्यात आले आणि १९८० मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. चित्रपटात बापलेक एकाच कोठडीत दाखवले आहेत. प्रत्यक्षात तसे नव्हते. मुलाचे काम करणारे डॅनियल डे-लुईस ब्रिस्टलच्या दिवसांत पॉसलथ्वेट यांचे बदली नट होते. कोठडीत मुलगा बापावर तुटून पडतो : मी चुकतो तेव्हाच तुम्ही नेमके कसे हजर असता? बालपणापासूनचा सगळा राग तो ओकतो. पॉसलथ्वेट उलट आवाज चढवत नाहीत. फुप्फुसाच्या आजाराने खंगलेला तो माणूस ऐकत राहतो, आणि त्या ऐकण्यातच त्याचा कणा दिसतो. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार टॉमी ली जोन्स यांना गेला, पण आता हॉलिवूडची दारे उघडली होती.

‘द यूज्वल सस्पेक्ट्स’ (१९९५) मधला वकील कोबायाशी नावाने जपानी, बोलण्याच्या ढंगाने भारतीय उपखंडातला. हे विसंगत मिश्रण मुद्दाम केलेले आहे, आणि शेवटी त्याचा उलगडा होतो. ‘रोमिओ + ज्युलिएट’ (१९९६) मध्ये त्यांनी पाद्री लॉरेन्स रंगवला. ‘द लॉस्ट वर्ल्ड : ज्युरासिक पार्क’ आणि ‘अमिस्टाड’ हे स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे दोन्ही चित्रपट १९९७ चे. पॉसलथ्वेट हे जगातले सर्वोत्तम नट आहेत असे स्पीलबर्ग म्हणाले होते.

दूरचित्रवाणीवरचा त्यांचा सर्वांत गाजलेला खलनायक म्हणजे ‘शार्प’ मालिकेतला (१९९४) सार्जंट ओबाडाया हेक्सविल. मान झटकणारा, स्वतःच्या टोपीत तोंड घालून आईशी बोलणारा हा सैनिक अंगावर काटा आणतो. मालिका स्पेनमधल्या युद्धाची आहे. मात्र मूळ लेखक बर्नार्ड कॉर्नवेल यांनी पुढच्या कादंबऱ्यांत याच हेक्सविलला १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धात, असई आणि गाविलगडच्या रणांगणावर आणले आहे.

‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) मध्ये मात्र ते केंद्रस्थानी आहेत. ऑक्टोबर १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने एकतीस कोळसाखाणी बंद करण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात यॉर्कशायरच्या ग्राइमथॉर्प खाणीच्या ब्रास बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पुढल्या वर्षी खाण बंद झाली. या घटनांवर बेतलेल्या चित्रपटातला बँडप्रमुख डॅनी हा छातीत कोळशाची धूळ साचलेला निवृत्त खाणकामगार आहे. आयुष्यभर संगीतापुढे काहीच नाही असे मानणारा हा माणूस, जिंकलेले पारितोषिक नाकारताना, माणसांपुढे संगीतही काहीच नाही असे भर सभागृहात सांगतो. बोलता बोलता आवाज कापरा होतो, पण ते रडत नाहीत; म्हणूनच ते भाषण खरे वाटते. चंबावांबा या बँडने त्यातला अंश ‘टबथंपिंग’ (१९९७) या गाण्याच्या आरंभी वापरला.

रंगभूमी त्यांनी सोडली नाही. ‘स्कारामूश जोन्स’ हा एकपात्री प्रयोग त्यांनी देशोदेशी नेला, आणि २००८ मध्ये, लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, रूपर्ट गूल्ड यांच्या दिग्दर्शनाखाली एव्हरीमनमध्येच ‘किंग लिअर’ केला. नंतर तो लंडनच्या यंग व्हिकमध्ये गेला.

२००४ मध्ये त्यांना ओबीई हा किताब मिळाला होता. हवामानबदलावरील ‘द एज ऑफ स्टुपिड’ (२००९) मध्ये २०५५ सालच्या उद्ध्वस्त पृथ्वीवरचा एकाकी दप्तरदार त्यांनी साकारला, आणि किंग्जनॉर्थ येथील नव्या कोळसा वीजकेंद्राला परवानगी दिल्यास किताब परत करीन, असे तत्कालीन ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांना जाहीरपणे बजावले. ते केंद्र पुढे झाले नाही.

कर्करोगाने ग्रासलेले असतानाही २०१० मध्ये ‘इन्सेप्शन’ आणि ‘द टाउन’ हे त्यांचे चित्रपट आले. ‘द टाउन’मधल्या फुलविक्या गुंडाच्या भूमिकेसाठी बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचे नामांकन जाहीर झाले ते श्रॉपशायरमध्ये त्यांचे निधन झाल्यावर काही दिवसांनी. ‘किलिंग बोनो’ (२०११) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. ठरलेली भूमिका प्रकृतीमुळे झेपणार नव्हती, तेव्हा निर्मात्यांनी त्यांच्यासाठी त्यात वेगळी भूमिका लिहून घेतली.