उंची राहू दे, वाढीचा स्पीड बघा

सोसायटीच्या गेटवर कोणीतरी "वर्गात हाच सगळ्यात लहान दिसतो ना गं" म्हणतं आणि घरी लगेच बारला लटकव, पावडरचा डबा आण, सगळं सुरू. पण एकदा मोजलेल्या उंचीवरून फार काही कळत नाही हो, बघायचं असतं ते मूल वर्षाला किती वाढतंय. पहिल्या वर्षात बाळ साधारण 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात 10-12, आणि चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत दरवर्षी 5-6. हे 4 च्या खाली आलं की मग "आजीवर गेलाय" म्हणून गप्प बसू नका.

दर सहा महिन्यांनी चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून, मुलीची पोनी सोडून, डोक्यावर पट्टी आडवी धरून रेघ मारा, शेजारी तारीख लिहा (ती सगळे विसरतात), आणि दिवाळीला भिंत रंगवायच्या आधी आकडे वहीत उतरवा. डॉक्टरला ही वही दाखवली की अर्धं काम झालं.

आईवडिलांची उंची पण धरतातच. बाबा 170, आई 154, तर बेरजेत 13 मिळवून अर्धं केलं की मुलाचा अंदाज 168.5, मुलीसाठी 13 वजा करायचे, 155.5. सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं.

काही मुलं नुसती उशिरा वाढतात, दहावीपर्यंत बुटकी आणि कॉलेजात एकदम ताडमाड. त्यांच्या डाव्या हाताच्या एक्सरेत हाडांचं वय मागे दिसतं, म्हणजे वाढायला अजून जागा आहे. थायरॉईड कमी असेल तर उंची अडकते, वजन मात्र वाढत राहतं, आणि रोजच्या गोळीने गाडी पुन्हा रुळावर येते. गव्हामुळे आतड्याला इजा होते तो सिलियाक आजार पण तपासतात, आणि मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमध्ये एक X क्रोमोझोम नसण्याचा किंवा अपुरा असण्याचा जन्मजात दोष) क्रोमोझोमची टेस्ट.

ग्रोथ हार्मोन खरंच कमी असेल तर सहसा रोज रात्री कातडीखाली इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं, खर्च जबरदस्त. ते तोंडाने घेऊन उपयोग नाही, प्रोटीन आहे, पोटात पचून जातं, त्यामुळे उंचीच्या पावडरवाल्यांचं काय ते समजून घ्या. पूर्वी हे हार्मोन मृतांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढायचे, त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला, म्हणून 1985 मध्ये अमेरिकेत ते बंद झालं आणि त्याच वर्षी लॅबमध्ये बनवलेल्याला परवानगी मिळाली. हाडांची टोकं एकदा जुळली की मात्र हे इंजेक्शनही उंची वाढवत नाही.

आणि आठ वर्षांच्या आत छाती वाढायला लागलेली मुलगी वर्गात सगळ्यात उंच दिसते, घरचे खूश असतात. तिलाही लवकर दाखवा, कारण तिची हाडं वेळेआधी जुळून ती शेवटी बुटकी राहू शकते.