वर बघ, वर बघ!

जेवताना कुणाला ठसका लागला की आपल्याकडे पाठीवर थाप पडते आणि घरातलं एक तरी माणूस म्हणतं, "वर बघ, वर बघ!" सोलापूरच्या माझ्या मावशीला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा चार दिवस आम्हीही तेच म्हणत होतो. पाचव्या दिवशी स्पीच थेरपिस्ट आल्या आणि त्यांनी सगळ्यात आधी तेच बंद करायला लावलं.

"बोलायला शिकवणाऱ्या बाई गिळण्याचं कशाला बघतात?" काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र ही बोलण्याची अवजारं आहेत, तशीच गिळण्याचीही. घशात श्वासाची आणि अन्नाची वाट एकच असते, पुढे ती दुभंगते. घास मागे गेला की श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर-पुढे उचललं जातं, त्यावरची झडप कलते, स्वरतंतू मिटतात आणि घास अन्ननलिकेत उतरतो. जेमतेम एका सेकंदाचा हा खेळ. त्यात 30हून अधिक स्नायू राबतात आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 5 जोड्या त्यांना हलवतात. झटक्यानंतर हा मेळ बिघडतो. सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळण्याचा त्रास होतो.

अशा वेळी मान वर केली तर श्वासाची वाट जास्तच उघडते आणि पाणी झडप मिटायच्या आत खाली धावतं. म्हणून काहींना उलट हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला सांगतात. सरसकट सगळ्यांना नाही. कुणाला काय लागू पडतं ते तपासूनच ठरतं.

बाईंनी मावशीच्या गळ्यावर हलकेच चार बोटं ठेवली, चमचाभर पाणी दिलं, गिळताना स्वरयंत्र किती उचललं जातं ते बोटांनी जोखलं. मग म्हणाल्या, "मावशी, आ म्हणा." आवाज ओला आला, गुळण्या करताना बोलावं तसा. पाणी स्वरतंतूंवरच रेंगाळलं होतं. ठसका मात्र लागला नव्हता! मला सगळ्यात धास्ती वाटते ती याचीच. घशाची संवेदना बोथट झाली की अन्न फुप्फुसाकडे उतरतं आणि खोकला येतच नाही. घरच्यांना वाटतं, छान जेवली. मग ताप, मग न्यूमोनिया. अशी शंका आली की बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेला घास देऊन एक्स-रेवर त्याचा प्रवास बघतात, किंवा नाकातून दुर्बीण घालून घसा तपासतात.

आम्ही प्रेमाने कडक भाकरी आमटीत कुस्करून भरवत होतो. याहून मऊ काय असणार? पण पातळ रस आणि तुकडे एकत्र, हाच सर्वांत अवघड घास! तुकडे चावेपर्यंत रस मागे निघून जातो. शेंगाची चटणीही तशीच, कण तोंडभर विखुरतात. मग ज्वारीची दाट आंबील गाळून सुरू झाली, बसवून, छोट्या चमच्याने, एक घोट पुरता उतरल्यावरच दुसरा. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आणि रोज तोंड नीट घासायचं, कारण चुकून उतरलेल्या लाळेसोबत तोंडातले जंतूही फुप्फुसात जातात. नळीने जेवणाऱ्यांचंही तोंड घासावंच लागतं, हे फार जण विसरतात.

मावशीचं बोलणं नुसतं जड झालं होतं, शब्द शाबूत होते. झटका आलेले शेजारचे आजोबा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतले, मात्र 'पाणी' हा शब्दच शोधत राहायचे. बोलणं हरपण्याचा मेंदूच्या पुढच्या भागाशी संबंध आहे, हे 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी दाखवलं; तो भाग डावीकडचा, हे त्यांनी 1865 साली मांडलं. आजोबांचं घर तेलुगू, कामावर मराठी, बाजारात कानडी. अशा माणसाच्या सगळ्या भाषा बहुधा बरोबरीने परततात, पण नेहमी नाही. एखादी पुढे धावते. म्हणून सोलापुरात तपासणी एकाच भाषेत उरकून चालणार नाही. 'पाणी' अडलं तर तेलुगूतलं 'नीळ्ळु' विचारून बघावं.

सहाव्या आठवड्यात मावशीने शेंगाची चटणी मागितली. बाईंनी ती मिक्सरमध्ये गंधासारखी वाटून घट्ट दह्यात कालवायला सांगितली. पहिला चमचा उतरला आणि आम्ही सगळेच एकदम म्हणालो, "मावशी, आ म्हण." आवाज कोरडा, स्वच्छ आला. पाठोपाठ तक्रारही आली: तिखट कमी आहे.