‘सर्व्हर दिसत नाहीये’: घरच्या गेम सर्व्हरची पार्श्वभूमी

जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालू केला, राउटरच्या पानावर जाऊन २५५६५ हा पोर्ट (त्या खेळाचा ठरलेला दार-क्रमांक) उघडला, ग्रुपवर आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, टाकला. आणि सगळ्या मित्रांचं उत्तर एकच, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. मग फायरवॉल बंद करून बघा, जावा पुन्हा टाकून बघा, राउटर रिसेट करून बघा, यात अख्खा रविवार जातो. बऱ्याचदा यातलं काहीच चुकलेलं नसतं. त्या घराला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ताच नसतो. हा पत्ता कसा आला, कसा गेला आणि आता कुठून मिळवायचा, हे कळलं की घरी सर्व्हर लावण्याचं निम्मं काम होतं.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला तेव्हा पत्त्याची भानगडच नव्हती. चार जणांपर्यंत एकत्र खेळता यायचं ते ऑफिसातल्या किंवा कॉलेजातल्या लॅनवर (एकाच जागेतल्या संगणकांच्या जाळ्यावर), नॉव्हेल कंपनीच्या आयपीएक्स प्रोटोकॉलवर, म्हणजे संगणकांच्या आपसातल्या बोलण्याच्या नियमांवर. दोघंच असतील तर थोड्याच दिवसांत मोडेमवरही. सर्व्हर असा कुणी नव्हता. सेकंदाचे ३५ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात कुणी कुठलं बटण दाबलं ते प्रत्येक मशीन बाकीच्यांना सांगणार. एकाचं मशीन अडखळलं की चौघांचाही खेळ थांबणार. पहिल्या आवृत्तीत ही माहिती ब्रॉडकास्टने, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारून, जायची, त्यामुळे न खेळणाऱ्या मशीन्सनाही प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) वाचायला लागायचं. काही विद्यापीठांची नेटवर्क त्यापायी इतकी मंदावली की तिथे खेळावर बंदी आली, १.२ आवृत्तीत हे सुधारलं. त्या काळच्या लॅनची वायरही मजेशीर होती. बारीक कोएक्स केबल एका मशीनकडून दुसऱ्याकडे माळेसारखी जायची, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर लागायचा. कुणी तो काढून खिशात टाकला की अख्खी माळ बंद.

खरा बदल जून १९९६ मध्ये ‘क्वेक’ने केला. आता एकच मशीन जगाचा हिशोब ठेवणार. बाकीच्यांनी आपलं बटण त्याला कळवायचं आणि तो सांगेल ते पडद्यावर दाखवायचं. हाच सर्व्हर. तो इंटरनेटच्याच टीसीपी-आयपी नियमांवर चालायचा, म्हणजे शेजारच्या टेबलावर असो की दुसऱ्या शहरात, त्याचा पत्ता माहीत असला की बास. गडबड एवढीच की डायल-अप मोडेमचाच उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असायचा, त्यामुळे बटण दाबल्यावर माणूस हलायला वेळ लागायचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’ने त्यावर तोड काढली: खेळाडूच्या मशीनने त्याची हालचाल अंदाजाने लगेच दाखवायची आणि सर्व्हरचं उत्तर आलं की चूक दुरुस्त करायची. आजही लॅगमध्ये, म्हणजे जोडणी अडखळली की, पात्र झटक्याने मागे ओढलं जातं, ते हीच दुरुस्ती डोळ्यांना दिसते म्हणून.

टीसीपी-आयपीच्या कुटुंबात संदेश पाठवायच्या दोन पद्धती आहेत: हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवणारी टीसीपी आणि न मागवणारी यूडीपी. क्वेकने यूडीपी निवडला होता. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण ते येईपर्यंत ती बातमी शिळी झालेली असते. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती मात्र टीसीपी वापरते. तिथे एक पॅकेट हरवलं की मागचे सगळे रांगेत उभे राहतात. मग फोडलेला दगड पुन्हा जागेवर दिसतो, दार दोनदा उघडतं. वायफायवर पॅकेट जास्त हरवतात, म्हणून सर्व्हर त्यावर ठेवू नये. दहा मीटर कॅट-६ नेटवर्क केबल ही यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणाची वस्तू आहे.

भारतात सामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सुरू केलं, पण आपल्याकडे सर्व्हर ही गोष्ट लोकांना कळली ती सायबर कॅफेत, ‘काउंटर-स्ट्राइक’मुळे. ‘हाफ-लाइफ’ हा खेळ १९९८ चा, त्यावरचा काउंटर-स्ट्राइक १९९९ चा मॉड (चाहत्यांनी मूळ खेळात केलेला बदल), आणि २००३ ची १.६ आवृत्ती वर्षानुवर्षं पुण्या-मुंबईच्या कॅफेंत ठाण मांडून बसली. एकाने ‘न्यू गेम’ करायचं, बाकीच्यांनी लॅनच्या यादीत त्याचं नाव शोधायचं. याला लिसन सर्व्हर म्हणतात: एकच मशीन खेळतंही आणि सर्व्हरही होतं. त्या पोराला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) शून्य, म्हणून तो जिंकला की बाकीचे कुरकुरणार. आणि तो चिडून उठून गेला की सगळ्यांचाच गेम संपला. त्याऐवजी वेगळा, चित्र न दाखवणारा डेडिकेटेड सर्व्हर चालवला की दोन्ही तक्रारी मिटतात.

त्या लॅनच्या यादीची एक खोच आजही नडते. खेळाडूचं मशीन ‘कुणी आहे का?’ अशी हाळी ब्रॉडकास्टने देतं, आणि राउटर ती हाळी पलीकडे जाऊ देत नाही. त्या काळी गल्लीतल्या केबलवाल्याचं इंटरनेट गच्च्यांवरून ओढलेल्या लॅन केबलवर यायचं, आणि कित्येक ठिकाणी दोन-चार इमारती मिळून एकच नेटवर्क असायचं. तिथे समोरच्या विंगमधला मित्र यादीत आपोआप दिसायचा. त्याने पुढे स्वतःचा राउटर मधे बसवला आणि तो दिसेनासा झाला.

आता पत्त्याकडे. आयपीव्ही४ ही पत्त्यांची जुनी पद्धत, तिच्यात पत्ते सुमारे ४३० कोटी. ते संपणार हे नव्वदच्या दशकातच दिसत होतं, म्हणून मे १९९४ मध्ये नॅटची, म्हणजे एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक मशीन बसवण्याची, कल्पना कागदावर आली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये घरगुती वापराचे पत्ते ठरले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. नॅट म्हणजे सोसायटीचं गेट. बाहेरच्याला फक्त सोसायटीचा पत्ता दिसतो. आतून कुणी जेवण मागवलं तर वॉचमनला माहीत असतं की हा डबा ४०३ चा. पण न सांगता आलेल्या पाहुण्याला तो फाटकावरच थांबवतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला आधी सांगून ठेवणं: २५५६५ विचारत कुणी आलं तर १९२.१६८.१.५० कडे पाठव. यात दोन चुका हमखास होतात. एक, सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवलेला नसतो. वीज जाऊन आली की तो ५० चा ५३ होतो आणि वॉचमन भलत्याच दारावर पाहुणा नेतो. दुसरी, घरात बसून आपलाच बाहेरचा पत्ता टाकून तपासणं. पुष्कळ राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीत, त्यामुळे चालू असलेला सर्व्हरही बंद वाटतो. तपासणी नेहमी मोबाइल डेटावरून करायची.

२००५ मध्ये मुंबईत एमटीएनएलचं आणि उरलेल्या महाराष्ट्रात बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. वेग २५६ केबीपीएसपासून सुरू, डाउनलोडवर मर्यादा. बीएसएनएलच्या लोकप्रिय प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद. पण घराला खरा, बाहेरून दिसणारा पत्ता मिळायचा. तो बदलायचा, म्हणून डायनॅमिक डीएनएसवर (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव जोडणाऱ्या सेवेवर) एक नाव घेऊन ठेवलं की काम भागायचं. ज्यांना राउटरशी झटापट नको होती त्यांच्यासाठी २००४ चं हमाची हे सॉफ्टवेअर होतं. ते इंटरनेटवरच एक खोटी लॅन उभी करायचं आणि प्रत्येकाला ५ ने सुरू होणारा पत्ता द्यायचं, कारण ते पत्ते तेव्हा कुणाला दिलेले नव्हते. पुढे ते खरोखर वाटले गेले आणि २०१२ मध्ये हमाचीला २५ च्या मालिकेत बिऱ्हाड हलवावं लागलं. ती मालिका ब्रिटनच्या संरक्षण खात्याची. परक्याच्या पाटीवर आपलं नाव लावण्याचा इतका बिनधास्त प्रकार विरळाच.

एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिक विभागाची पत्त्यांची मोकळी शिल्लक संपली. त्यानंतर एका कंपनीला सुरुवातीला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळायचे, २०१९ पासून त्याहूनही कमी. पाच हजार घरांना जोडणी देणाऱ्या शहरातल्या छोट्या कंपनीने एवढ्यात काय करायचं? ती स्वतःच्या केंद्रातच दुसरं नॅट बसवते. हेच सीजीनॅट. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते राखून ठेवले गेले. सोसायटीच्या फाटकाबाहेर अख्ख्या टाउनशिपचं आणखी एक फाटक, आणि तिथला वॉचमन तुमचं ऐकायला बांधील नाही. तुम्ही आपल्या राउटरवर पोर्ट कितीही उघडा, पाहुणा अलीकडच्या फाटकापर्यंत पोहोचतच नाही. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि मागोमाग फायबर. आज कितीतरी घरं या दुहेरी फाटकाच्या आत आहेत.

म्हणून सर्व्हर डाउनलोड करण्याआधी दोन मिनिटांची तपासणी. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) लिहिलेला असतो तो बघा, आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा बघा. दोन्ही सारखे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंग चालेल. वेगळे असतील आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर सीजीनॅट. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीने दिलेल्या पेटीमागे तुम्ही आपला दुसरा राउटर लावलाय. त्यातला एक ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो स्वतः नॅट न करता माहिती नुसती पुढे ढकलेल.

दरम्यान मोठ्या खेळांनी घरच्या सर्व्हरची वाटच बंद केली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’ पीसीवर डेडिकेटेड सर्व्हरशिवाय आला, खेळाडूंनी आरडाओरडा केला, खप काही थांबला नाही. ३१ मे २०१४ ला खेळाडूंना सर्व्हर शोधून देणारी गेमस्पाय ही सेवा बंद पडल्यावर बऱ्याच जुन्या खेळांची ऑनलाइन बाजू एका रात्रीत मुकी झाली. घरचा सर्व्हर टिकला तो बांधकाम आणि जगण्याच्या खेळांत: टेरारिया (पोर्ट ७७७७), फॅक्टोरियो (३४१९७), व्हॅलहाइम (२४५६ पासून पुढे), पालवर्ल्ड (८२११). आणि अर्थात माइनक्राफ्ट. ऑगस्ट २०१२ च्या १.३ आवृत्तीपासून तर एकट्याने खेळतानाही त्याच्या पोटात सर्व्हरच चालतो.

माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकतं, म्हणजे प्रत्येक फेरीला ५० मिलिसेकंद. यातलं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर होतं, म्हणून आठ गाभ्यांचा जुना संथ प्रोसेसर चार गाभ्यांच्या नव्या जलद प्रोसेसरपुढे हरतो. चार-पाच जणांना, मॉड नसतील तर, ३ ते ४ जीबी रॅम पुरते. सर्व्हरच्या नोंदींत ‘कान्ट कीप अप’ (‘वेग गाठता येत नाही’) ही ओळ दिसली की लोक रॅम वाढवतात. पण बहुतेकदा कुणीतरी घोड्यावरून नव्या प्रदेशात धावत असतो आणि जमीन तयार करताना प्रोसेसर दमलेला असतो. दृश्य-अंतर (किती दूरपर्यंतचं जग दिसतं ते) १० वरून ७ वर आणा, आणि जग हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. पालवर्ल्डचं गणित वेगळं: तिथे १६ जीबी हातात असलेली बरी, आणि रोज एकदा सर्व्हर बंद-चालू केलेला बरा.

एक सेटिंग जपून. काही मित्रांकडे विकत घेतलेला गेम नसतो, म्हणून ‘ऑनलाइन-मोड’ बंद केला जातो. त्यानंतर सर्व्हर कुणाचीच ओळख पडताळत नाही; ॲडमिनचं नाव लावून कुणीही येऊन ॲडमिन होऊ शकतो, आणि व्हाइटलिस्टही (परवानगी असलेल्यांची यादी) फक्त नावच बघते. उघड्या इंटरनेटवर असा सर्व्हर म्हणजे कडी न लावलेलं घर. डिसेंबर २०२१ मधलं लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या भागातल्या त्रुटीचं प्रकरण तर याहून वाईट होतं: चॅटमध्ये एक ओळ टाइप केली की सर्व्हरच्या मशीनवर परक्याचा कोड चालायचा. १.१८.१ मध्ये ते बुजवलं. जुन्या आवृत्त्यांना आजही वेगळी दुरुस्ती लावावी लागते. आणि २०१६ मध्ये मोठमोठ्या साइट झोपवणारं मिराई बॉटनेट (कब्जात घेतलेल्या यंत्रांची फौज) लिहिणाऱ्यांना आधी रस होता तो माइनक्राफ्टचे सर्व्हर पाडण्यात. घरचा आयपी व्हिडिओच्या खाली लिहू नये, तो याचसाठी.

जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून डेस्कटॉपपेक्षा बरा. ६० वॉट खाणारा डेस्कटॉप अहोरात्र चालला तर महिन्याला ४३ युनिट. १२ वॉटवर बसलेला लॅपटॉप नऊच्या आत. शिवाय बॅटरी हाच त्याचा यूपीएस. जग डिस्कवर लिहिलं जात असताना वीज गेली तर त्या भागाची फाइल खराब होते आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी घर जागेवर नसतं. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर कायम प्लगवर राहून बॅटरी फुगते. राउटरलाही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लागतो, नाहीतर सर्व्हर जागा आणि रस्ता बंद. बॅकअप घेताना सर्व्हरला आधी ‘सेव्ह-ऑफ’ हा हुकूम, मग ‘सेव्ह-ऑल’, फोल्डरची प्रत, आणि न विसरता ‘सेव्ह-ऑन’.

सीजीनॅटमधून सुटायचे मार्ग तीन. स्थिर आयपी विकत घेणं हा सरळ, पण वेगळ्या पैशांचा. दुसरा हमाचीचा वारसा: टेलस्केल किंवा झिरोटियर. टेलस्केल प्रत्येक मशीनला जो पत्ता देतं तो त्याच १००.६४ च्या मालिकेतला असतो, त्यामुळे वॅन आयपीशी त्याची गल्लत होते. आणि ते ब्रॉडकास्ट नेत नाही, म्हणून काउंटर-स्ट्राइकची लॅन यादी त्यावर कोरीच राहते; पत्ता हाताने टाकावा लागतो. झिरोटियर ब्रॉडकास्टही पोहोचवतं, जुन्या खेळांना तेच लावावं. दोन्हींत प्रत्येक मित्राला एक प्रोग्राम टाकावा लागतो, आणि एक जण नेहमी ‘उद्या टाकतो’ म्हणतो.

तिसरा मार्ग आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. तो आपल्याकडे बऱ्याच मोबाइल आणि फायबर जोडण्यांवर आधीच चालू असतो, आणि त्यात प्रत्येक मशीनला पुन्हा स्वतःचा पत्ता असतो, नॅट नाही. फाटक मात्र असतं: राउटरचं आयपीव्ही६ फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवतं, तिथे त्या एका मशीनसाठी तो एक पोर्ट उघडावा लागतो, आणि स्वस्त पेट्यांमध्ये कधीकधी ही सोयच नसते. पत्ता टाकताना तो चौकटी कंसात लिहायचा, मग कोलन, मग पोर्ट. हे सगळं जमलं तरी हॉस्टेलच्या वायफायवरचा मित्र आत येऊ शकेलच असं नाही, कारण तिथे बऱ्याचदा अजून फक्त आयपीव्ही४ असतं. त्याने मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की येतो.