काचेवरची तीन अक्षरं : न्यूयॉर्कच्या ज्यू डेलीमागची गोष्ट

डेली म्हणजे तयार मांस, सँडविच, लोणची विकणारं दुकान. तिचं पूर्ण नाव 'डेलिकेटेसन'. हा शब्द जर्मन, आणि ही दुकानंही न्यूयॉर्कमध्ये आधी जर्मन लोकांनीच थाटली. पूर्व युरोपातले ज्यू मागाहून आले. 1881 मध्ये रशियाच्या झारची हत्या झाली, खापर ज्यूंवर फुटलं, दंगली उसळल्या. तेव्हापासून 1924 च्या कायद्याने दारं जवळपास लागेपर्यंत वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत उतरले. त्यातल्या रोमानियन मंडळींनी पास्त्रामी, म्हणजे खारवून धुरी दिलेलं मांस, आणली. तिकडे ती बदकाच्या जातीच्या हंसाची असे, इथे गोमांस स्वस्त म्हणून गोमांसाची झाली. तेही जनावराच्या पुढच्या भागाचं, कारण मागच्या भागातली ज्यू धर्माने निषिद्ध ठरवलेली शीर आणि चरबी काढत बसणं कोणालाच परवडत नसे. मीठ, लसूण, धने, मिरी, मग धुरी, शेवटी वाफ. वाफाळता तुकडा धाग्याच्या आडवा, हाताने, पातळ कापायचा. मालकाची सगळी कमाई त्या सुरीवर.

मालक म्हणजे तरी कोण? नवरा काउंटरवर, बायको मागे स्वयंपाकात, पोरं शाळेतून आली की लोणच्याच्या पिंपाशी. नाटकं सुटल्यावरचं गिऱ्हाईक हवं, म्हणून मध्यरात्रीपर्यंत दुकान उघडं. शुक्रवारी सूर्यास्ताला मात्र शनिवारच्या धार्मिक विश्रांतीसाठी बंद, आणि रविवारी सरकारी बंदीमुळे ठरावीक तासच विक्री. आपल्याकडे अलिबागच्या बाजूला बेने इस्रायलींना, म्हणजे तिथल्या ज्यूंना, 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्यांना निदान रविवारची कटकट नव्हती.

खरी डोकेदुखी काचेवरच्या 'कोशर' (ज्यू धर्मनियमांप्रमाणे खाण्यायोग्य) या तीन हिब्रू अक्षरांची होती. या अक्षरांवर गिऱ्हाईक आत यायचं आणि जास्त पैसे मोजायचं. साहजिकच साधं मांस कोशर म्हणून खपवणारेही निघाले. म्हणून न्यूयॉर्क राज्याने 1915 मध्ये कायदा केला: फसवण्याच्या हेतूने असं मांस कोशर म्हणून विकणं गुन्हा. पण कोशर म्हणजे काय? कायद्यानुसार, 'ऑर्थोडॉक्स', म्हणजे सनातनी ज्यू पंथाच्या, धार्मिक नियमांप्रमाणे असलेलं. या एका विशेषणाने पुढची नव्वदेक वर्षं खाल्ली. 1922 च्या दुरुस्तीने आणखी भर घातली. दोन्ही प्रकारचं मांस विकत असाल तर 'कोशर आणि बिगर-कोशर मांस इथे मिळतं' अशी पाटी खिडकीत लावा, अक्षरं किमान चार इंच उंच! अशी पाटी लावून सनातनी गिऱ्हाईक आत येईल, असं कायदा करणाऱ्यांना खरंच वाटत होतं का, कोण जाणे.

व्यापारी कोर्टात गेले. शब्दच संदिग्ध आहे, रब्बींचंही (ज्यू धर्मगुरूंचंही) एकमत नाही, मग खाटकाने ओळखायचं कसं, हा त्यांचा मुद्दा. 1925 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: धंद्यातल्या माणसाला शब्दाचा अर्थ पुरेसा ठाऊक असतो आणि शिक्षा हेतुपुरस्सर फसवणुकीलाच आहे. दुकानदाराचं म्हणणं इतकं पोकळ नव्हतं, असं मला वाटतं. नेमका तोच धागा पुढे लाँग आयलंडच्या एका कोशर मांसविक्रेत्याने धरला. त्याच्या दुकानावर देखरेख ऑर्थोडॉक्स नसलेल्या रब्बीची होती, आणि सरकारी निरीक्षक त्याला दोषी ठरवत होते. 2002 मध्ये अपील न्यायालयाने कायद्यातल्या या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कारण एका पंथाची व्याख्या राज्याने उचलणं म्हणजे धर्मात हात घालणं. 2004 च्या नव्या कायद्याने व्याख्येचा नाद सोडला. माल कोशर आहे असं कोण प्रमाणित करतं, एवढं दुकानदाराने जाहीर करायचं.

तोवर धंदाच आटला होता. 1930 च्या दशकात शहरात हजाराहून अधिक कोशर डेली होत्या. युद्धानंतर गिऱ्हाईक उपनगरांत गेलं, सुपरमार्केटात पाकीटबंद सलामी सॉसेज आलं, मुलं कॉलेजात जाऊन डॉक्टर-वकील झाली. उरलेल्यांपैकी अनेकांनी 'कोशर-स्टाइल' अशी पाटी लावली. शनिवारी दुकान उघडं, आणि खारवलेल्या गोमांसावर वितळलेलं चीज घातलेलं रूबेन सँडविच जोरात. मांस आणि दूध एकत्र आलं की कोशर संपतं. परदेशी पाहुणे मात्र अस्सल ज्यू पदार्थ म्हणून आजही तेच मागवतात.