सिलिंडरचा नंबर सारखा वाढतोय?

आठवीतल्या मुलाच्या चष्म्याचा नंबर वर्षभरात तिसऱ्यांदा बदलला की घरात सगळं खापर मोबाइलवर फुटतं. त्याआधी एकदा नंबराचे जुने कागद काढून शेजारी शेजारी ठेवा आणि ‘सिलिंडर’चा, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने लागणाऱ्या नंबराचा, रकाना बघा. तो आकडा दर वेळी वाढलेला असेल आणि नवा कोरा चष्मा लावूनही फळ्यावरच्या अक्षरांना सावली दिसत असेल, तर चष्म्याचं दुकान बदलून उपयोग नाही. मुलाच्या पारपटलाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या वक्रतेचा यंत्राने काढलेला नकाशा, करून घ्यायला हवी.

पारपटल म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरची पारदर्शक काच, घड्याळावर असते तशी. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, पण डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम तीच करते. केराटोकोनस या आजारात ही काच पातळ आणि मऊ होत जाते. डोळ्याच्या आतल्या दाबाने ती पुढे झुकते आणि गोलाकार जाऊन शंकूसारखा आकार येतो. असा वेडावाकडा आकार चष्म्याच्या सरळ गणितात बसत नाही.

आजार बहुधा वयात येताना सुरू होतो आणि तिशी-चाळिशीपर्यंत हळूहळू वाढतो. वय जितकं कमी, तितकी ही वाढ वेगाची. वयाबरोबर पारपटल आपोआप थोडं ताठ होतं. मुलांना तेवढा आधारही मिळालेला नसतो. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे २.३ टक्के लोकांमध्ये केराटोकोनसशी जुळणारी वक्रता सापडली. मोजणी केराटोमीटर या वक्रता मोजणाऱ्या साध्या यंत्राने केलेली होती, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकतो. तरीही हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे असं मला म्हणवत नाही.

यावरचा उपचार आपल्याकडे ‘सी-थ्री-आर’ या नावाने ओळखला जातो. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात तो विकसित झाला आणि २००३मध्ये रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पारपटल कोलॅजेनच्या तंतूंचं बनलेलं असतं. त्या तंतूंमध्ये नवे आडवे धागे बांधले, की सैल झालेली बाज पुन्हा आवळल्यासारखी ती काच घट्ट होते.

ऑपरेशन टेबलावर हे कसं होतं? लहान मुलाला पूर्ण भूल देतात. समजूतदार मोठ्या मुलाला डोळा बधिर करणारे थेंब पुरतात. पारपटलावरची पातळ साल हलकेच खरवडून काढतात. मग अर्धा तास, दर थोड्या मिनिटांनी, पिवळ्याधमक रायबोफ्लेविनचे थेंब पडत राहतात. रायबोफ्लेविन म्हणजे जीवनसत्त्व बी-२. ते आत मुरलं की डोळ्यावर अतिनील किरणांचा निळसर झोत सोडतात; मूळ पद्धतीत आणखी अर्धा तास, नव्या वेगवान पद्धतींमध्ये काही मिनिटं. किरण आणि जीवनसत्त्व यांच्या संयोगातून कोलॅजेनचे नवे बंध तयार होतात. तेच रायबोफ्लेविन बरेचसे किरण शोषून डोळ्याच्या आतल्या भागांचं रक्षणही करतं. त्यासाठी साल काढल्यावर पारपटल साधारण ४०० मायक्रॉन (०.४ मिलिमीटर) जाड उरायला हवं. उशीर झाला की नेमकी हीच जाडी हातची जाते.

शेवटी डोळ्यावर पट्टीसारखी मऊ लेन्स बसवतात. पुढचे दोन-तीन दिवस कठीण असतात. डोळा झोंबतो, पाण्याच्या धारा लागतात, उजेड सहन होत नाही. याची कल्पना मुलाला आधीच द्यावी. नंतर कळलं तर ते बिचारं घाबरतं.

मोठ्या माणसांच्या बाबतीत डॉक्टर काही महिने थांबून आजार खरंच वाढतोय का ते बघतात. मुलांच्या बाबतीत तसं थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे आणि अनेक नेत्रतज्ज्ञही निदान होताच उपचार करतात. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षांच्या ६० मुलांवर ‘केरालिंक’ नावाची चाचणी झाली. निम्म्या मुलांना हा उपचार दिला, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे चष्मा आणि लेन्स. दीड वर्षाने नेहमीच्या गटातल्या ४३ टक्के मुलांचा आजार पुढे सरकला होता. उपचार झालेल्यांमध्ये हे प्रमाण होतं ७ टक्के.

इथे आईवडिलांची एक अपेक्षा आधीच मोकळेपणाने बोलून घ्यायला हवी. सी-थ्री-आरने चष्मा जात नाही. आजार आहे तिथे थोपवणं एवढंच त्याचं काम. स्पष्ट दिसण्यासाठी नंतर बहुतेकदा कडक किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) कॉन्टॅक्ट लेन्स लागते. मुलांमध्ये काही वर्षांनी आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून तपासणी चालूच ठेवावी लागते.

आणि डोळे चोळणं! ॲलर्जीने खाज सुटलेली मुलं मुठीचं हाड डोळ्यात रुतवून गोल गोल चोळतात. आधीच मऊ झालेल्या काचेवर हा दाब रोज पडत राहिला, तर चांगल्या ऑपरेशनवरही पाणी फिरतं. खाजेवर डॉक्टरांकडून औषध घ्या. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो, तोही शाळकरी वयात.

वेळ टळून गेली आणि पारपटलावर व्रण पडला, तर प्रत्यारोपणाची वेळ येते. माणसात पहिलं यशस्वी पारपटल प्रत्यारोपण १९०५ साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्समध्ये, डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केलं. ते पारपटल एका ११ वर्षांच्या मुलाचं होतं. आता शक्य असेल तिथे फक्त पुढचे थर बदलतात आणि सर्वांत आतला, रुग्णाचा स्वतःचा थर तसाच ठेवतात. त्यामुळे शरीराने नवा भाग नाकारण्याचा मोठा धोका टळतो. तरी मुलांमध्ये केसापेक्षा बारीक टाके लवकर सैल होतात. सैल टाक्यातून जंतुसंसर्ग होतो, म्हणून महिनोन्‌महिने दवाखान्याच्या चकरा चुकत नाहीत.

घरात एका मुलाला केराटोकोनस निघाला, तर भावंडांचीही टोपोग्राफी करून घ्या. यंत्रासमोर हनुवटी टेकवून काही क्षण स्थिर बघायचं असतं. डोळ्याला काही टोचत नाही की दुखत नाही.