रॅगिंग प्रतिबंध कायदा (महाराष्ट्र)

शैक्षणिक संस्थेत एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा केलेला शारीरिक वा मानसिक छळ, म्हणजेच रॅगिंग, हा गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा. तो १५ मे १९९९ पासून अमलात आहे. त्याआधी तामिळनाडूने १९९७ मध्ये आणि केरळने १९९८ मध्ये असे कायदे केले होते. तामिळनाडूच्या कायद्याला निमित्त झाले ते १९९६ मध्ये अण्णामलै विद्यापीठात झालेल्या एका प्रथम वर्ष वैद्यकीय विद्यार्थ्याच्या खुनाचे. गोव्याचा कायदा २००८ चा.

मोजक्या कलमांच्या या कायद्यातली व्याख्या मात्र ऐसपैस आहे. इजा, धमकी, शिवीगाळ तर तीत येतेच. शिवाय भीती, लाज किंवा संकोच वाटेल असे वर्तन, चेष्टामस्करी आणि ‘एरवी जे तो विद्यार्थी आपखुशीने करणार नाही’ असे काहीही करायला सांगणे, हेही रॅगिंगच. शर्टाच्या तिसऱ्या बटणावर नजर ठेवून सिनियरपुढे उभे राहणे, मध्यरात्री खोलीवर ‘इंट्रो’ देणे, दुसऱ्याची जर्नल लिहून देणे हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ‘गंमत’ या नावाखाली खपत आले. ‘आपखुशीने करणार नाही’ या शब्दांनी ती पळवाट बुजवली. सिनियर-ज्युनियर हा भेद व्याख्येत नाही, म्हणजे वर्गमित्रही आरोपी होऊ शकतो. मनाई संस्थेच्या आवारापुरती नाही, बाहेरही आहे.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढून टाकले जाते आणि पुढची पाच वर्षे त्याला दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. विद्यार्थ्याला कोठडीपेक्षा ही पाच वर्षेच जास्त जड जावीत.

कायद्याची खरी धार मात्र सहाव्या आणि सातव्या कलमात आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार केली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची; सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर आरोपीला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. हे करण्यात प्रमुखाने हयगय केली, तर त्याने गुन्ह्याला चिथावणी दिली असे मानले जाते आणि दोषी ठरल्यास शिक्षाही रॅगिंग करणाऱ्याइतकीच. पण तथ्य आहे की नाही, हेही तोच ठरवणार आणि त्याचा निर्णय अंतिम! संस्थेची अब्रू जपायची असलेल्या माणसाच्या हाती कुलूपही दिले आणि किल्लीही.

ही कोंडी पुढे फुटली ती राज्याच्या कायद्यातून नव्हे, तर दिल्लीहून. माजी सीबीआय संचालक आर. के. राघवन यांच्या समितीच्या शिफारशींवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आदेश दिला: संस्थेच्या कारवाईने पीडिताचे वा पालकांचे समाधान झाले नाही, तर संस्थेने एफआयआर नोंदवलाच पाहिजे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथे मारहाणीत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. फौजदारी गुन्हा दिसत असेल तर चोवीस तासांत एफआयआर, वसतिगृहांवर अचानक धाडी घालणारे पथक, प्रवेशावेळी विद्यार्थी आणि पालक दोघांची हमीपत्रे, आणि करणारा सापडला नाही तर सामूहिक शिक्षा, अशा तरतुदी त्यांत आहेत. १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनमुळे प्राचार्यांचे दार न ठोठावताही तक्रार करता येऊ लागली. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, वर्ण, प्रदेश, भाषा, लैंगिक कल यांवरून केलेला छळही रॅगिंगमध्ये धरला.

भारतीय दंड संहितेत रॅगिंग नावाचा गुन्हा नव्हता, तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही नाही. त्यामुळे गंभीर प्रकरणांत राज्याच्या कायद्याला इतर कलमांची जोड द्यावी लागते. मुंबईच्या नायर रुग्णालयात २०१९ मध्ये एका आदिवासी निवासी डॉक्टर तरुणीने आत्महत्या केली, तेव्हा तिच्या तीन सिनियर महिला डॉक्टरांवर या कायद्याबरोबरच आत्महत्येस प्रवृत्त करणे आणि ॲट्रॉसिटी कायदा यांखालीही गुन्हा दाखल झाला. निवासी डॉक्टरांच्या बाबतीत व्याख्येचीही परीक्षा होते. सलग ड्यूटी लावणारा सिनियर आणि छळणारा सिनियर बहुधा एकच असतो. मग ‘एरवी आपखुशीने करणार नाही’ असे काम कुठे सुरू होते, हे चौकशी समितीला ड्यूटीच्या वेळापत्रकातून शोधावे लागते.