बायोस उडणे

बायोस उडणे : संगणक चालू करताच जो पहिला प्रोग्रॅम चालतो, तो खराब झाल्यामुळे पडदा काळाच राहणे व यंत्राने नुसता पंखा फिरवत बसणे. हा प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर नसतो. तो मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या), बहुधा आठ पायांच्या, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या चिपमध्ये असतो. जुन्या घडणीच्या प्रोग्रॅमला बायोस व नव्याला यूईएफआय म्हणतात. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र दोन्ही बायोसच, आणि तो पुन्हा लिहिणे म्हणजे ‘बायोस मारणे’. ग्रामीण विदर्भात सेवा केंद्र, ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा किंवा कृषी केंद्र यांतला एकुलता एक संगणक असा बसला की गावाचे काम अडते. पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात तर दाराशी रांग आणि आत काळा पडदा, असा प्रसंग येतो.

बायोस हा शब्द गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वापरला. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी बाजारात आला आणि तो शब्द सर्वत्र पोचला. त्या यंत्रात बायोस रॉममध्ये कायमचा भरलेला असल्याने तो उडण्याचा प्रश्न नव्हता. १९९० च्या दशकात फ्लॅश चिप, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप, रुळली. बायोस बोर्ड न उघडता बदलता येऊ लागला आणि त्याच सोयीने पुसलाही जाऊ लागला. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या विषाणूने हे जगाला दाखवले. तैवानच्या चेन इंग-हाऊ या तरुणाने लिहिलेला हा विषाणू काही विशिष्ट बोर्डांवरचा बायोसच खरवडून टाकत असे. यूईएफआयचे मूळ इंटेलच्या ईएफआयमध्ये असून २००५ पासून त्याचे मानक यूईएफआय फोरम सांभाळतो.

कारणे

आपल्याकडचे ठळक कारण म्हणजे बायोसचे अपडेट चालू असताना लाईन जाणे. फ्लॅश चिपमध्ये जुन्यावर नवे थेट लिहिता येत नाही. आधी एकेक तुकडा पुसावा लागतो, मगच त्यात नवे भरता येते. पुसणे व भरणे यांच्या मध्ये वीज गेली की तेवढा तुकडा कोरा राहतो. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज गेल्यानंतर सेकंदाचा पन्नासावा भाग दम धरतो, त्याहून फारसा नाही. घरोघरी दिसणाऱ्या इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा एक खटका असतो. तो नॉर्मलवर असला तर बदलाला लागणारा वेळ या दमापेक्षा जास्त होतो. दिवे लुकलुकून पुन्हा लागतात, पण संगणक बंद पडून पुन्हा उठतो. हा खटका बहुतेक ठिकाणी इन्व्हर्टरच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला असतो आणि बसवल्या दिवसापासून त्याला कोणी हात लावलेला नसतो.

दुसरे कारण नवे आहे, आणि त्यात लाईनचा काही दोष नाही. अलीकडचे लॅपटॉप बायोसचे अपडेट विंडोजच्या नेहमीच्या अपडेटबरोबर आणतात. रीस्टार्ट होताना पडदा काळा होतो, कंपनीचे चिन्ह दिसते, खाली एक पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते. समोर माणसे उभी असतात. ऑपरेटरला वाटते, हँग झाला. तो बटण दाबून धरतो. काही लॅपटॉप त्यानंतर उठतच नाहीत.

मृग लागायच्या सुमारास विजा कडाडतात, तेव्हा खराब झालेल्या बोर्डांनाही ‘बायोस उडाला’ म्हणतात. तिथे बहुधा लॅनचा, म्हणजे नेटची तार जोडण्याचा, भाग किंवा सप्लाय जळालेला असतो. उन्हाचेही तसेच. अशा अनेक चिपांना ८५ अंश सेल्सिअसपर्यंत काम करण्याची हमी असते. चंद्रपूरचा मे महिना त्यांचे काही बिघडवत नाही. क्वचित प्रसंगी ऑपरेटिंग सिस्टिमच बायोसला धक्का लावते : डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० चे डाउनलोड थांबवावे लागले होते, कारण त्यातल्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या काही लॅपटॉपांचे बायोस खराब होत होते.

निदान

‘बायोस उडाला’ म्हणून टेबलावर आलेल्या यंत्रात बायोस शाबूत असण्याचीच शक्यता अधिक, असे धरून काम सुरू करणे बरे. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पावसाळ्यात गंज चढतो, जिनिंगच्या गावात रुईचे तंतू साचतात, आणि पडदा काळा होतो. रॅम काढून, पट्ट्या खोडरबरने घासून पुन्हा बसवल्यावर चालू होणाऱ्या यंत्रांचे बायोसच्या नावाने बिल होऊ नये. गिऱ्हाइकाला चिप दिसत नाही, खोडरबर दिसतो. फसवणूक इथेच होते.

त्यापुढची कसोटी सोपी आहे. डेस्कटॉपची रॅम पूर्ण काढायची, बोर्डाला छोटा स्पीकर जोडायचा आणि बटण दाबायचे. बोर्ड बोंबलला तर बायोस जिवंत आहे, कारण रॅम नसल्याची तक्रार करणारा तोच असतो. गप्प राहिला तर संशय वाढतो, पण गुन्हा सिद्ध होत नाही. प्रोसेसर किंवा त्याचा वीजपुरवठा गेला असला तरी बोर्ड गप्पच राहतो. म्हणून मीटर लावून सप्लायचे व्होल्ट आधी मोजतात. पोस्ट कार्ड, म्हणजे बोर्ड चालू होताना कुठवर पोचला ते आकड्याने दाखवणारी छोटी पाटी, असल्यास त्यावरचा आकडा पाहतात. ००वर किंवा एफएफवर अडून राहिला, तर प्रोसेसरने बायोसची पहिली सूचनाही पार पाडलेली नाही, असा संशय घेता येतो.

बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, म्हणजे ३ व्होल्टचा सीआर२०३२, संपला तर बायोस उडत नाही. तारीख व सेटिंग जातात, पडद्यावर सीमॉस चेकसमची, म्हणजे साठवलेली सेटिंग जुळत नसल्याची, तक्रार येते. पडदा उजळून तक्रार आली, म्हणजेच बायोस धड आहे. मात्र बिघडलेल्या सेटिंगमुळेही पडदा काळा राहू शकतो. म्हणून वीज तोडून सेल काही मिनिटे काढणे, किंवा क्लिअर सीमॉसचे दोन पाय क्षणभर जोडणे, हा बोर्ड उपसण्याआधीचा उपाय.

बोर्ड न उपसता

पुष्कळ कंपन्यांनी परतीची वाट ठेवलेली असते. जुन्या बायोसमध्ये बूट ब्लॉक नावाचा छोटा भाग राखीव असे. बाकी सगळे गेले तरी तो फ्लॉपीवरून नवी फाइल उचलू शकत असे. आता तेच काम पेन ड्राइव्हवरून होते. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज आणि बी ही बटणे धरून चालू करतात, डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप. गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर दुसरी, जामीनदार चिप असते. असूसच्या काही बोर्डांवर फ्लॅशबॅकचे बटण असते. ते प्रोसेसर नसतानाही चालते. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करावा लागतो आणि फाइलचे नाव कंपनी सांगते तेच असावे लागते. नाव चुकले म्हणून ‘रिकव्हरी चालत नाही’ असे ठरवून बोर्ड पाठवून दिले जातात. गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाला तर नागपूरच्या सीताबर्डी बाजारापेक्षा तेलंगणातले मंचेरियाल जवळ पडते. एवढ्या फेऱ्यापेक्षा फाइलचे नाव पुन्हा एकदा तपासलेले स्वस्त.

चिप वाचणे आणि लिहिणे

ही वाट बंद असेल तर प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचणारे व लिहिणारे छोटे यंत्र, लागतो. काही शे रुपयांत मिळणारा सीएच३४१ए हा दुकानांतला नेहमीचा. चिपवर २५ ने सुरू होणारा क्रमांक असतो. विनबाँडची २५क्यू६४ ही ६४ मेगाबिटची, म्हणजे ८ मेगाबाइटची. क्रमांक आधी भिंगाखाली वाचतात, कारण अलीकडच्या कित्येक लॅपटॉपांत १.८ व्होल्टची चिप असते आणि ३.३ व्होल्टच्या प्रोग्रामरने ती कायमची जाऊ शकते. तिला अडॅप्टर हवा. या स्वस्त प्रोग्रामरच्या काळ्या पाटीची आणखी एक खोड अशी की चिपला ती ३.३ व्होल्ट देत असली तरी डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट जातात. जाणकार ती पाटी तोड-जोड करून सुधारून घेतात.

प्रोग्रामरची क्लिप, म्हणजे चिपचे पाय पकडणारा चिमटा, लावण्यापूर्वी चार्जर, बॅटरी आणि सेल तिन्ही काढतात. क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याच्या, म्हणजे पहिल्या पायाच्या, बाजूला. मग वाचायचे, लिहायचे नाही. एकदा वाचून फाइल साठवायची, क्लिप काढून पुन्हा लावायची, पुन्हा वाचायचे आणि दोन फाइली जुळवून पाहायच्या. जुळल्या नाहीत, किंवा फाइलभर एफएफच (कोऱ्या जागेची खूण) दिसले, तर क्लिप नीट बसलेली नाही किंवा बोर्ड प्रोग्रामरची वीज ओढतो आहे. अशा वेळी हॉट एअरने चिप उचलून बाहेर वाचतात. २५क्यू६४ची फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइटांची भरली पाहिजे.

बिघडलेली का असेना, ही फाइल जपायची. घाईतला कारागीर नेमके हेच टाळतो. चिपमध्ये नुसता बायोस नसतो : यंत्राचा अनुक्रमांक असतो, काही बोर्डांत लॅनचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची ओळख) असतो, विंडोज ८ पासूनच्या बहुतेक तयार लॅपटॉपांत विंडोजची की असते, आणि इंटेलच्या यंत्रांत मॅनेजमेंट इंजिन नावाचा वेगळा भागही. इंटरनेटवरून कुणाच्या तरी त्याच मॉडेलची फाइल उतरवून जशीच्या तशी मारली तर लॅपटॉप चालू होईल, पण दुसऱ्याच्या नावाने. कधी अर्ध्या तासाने आपोआप बंद होईल, कधी पंखा सतत घोंघावेल. मॅनेजमेंट इंजिनचा भाग जुळला नाही की असे होते. बरोबर रीत म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरील अपडेटमधून बायोसचा भाग वेगळा काढणे आणि आपल्या फाइलीत तेवढाच बदलणे. कंपनीची फाइलही थेट मारता येत नाही. तिला बहुधा वेष्टन असते, ते सोलावे लागते.

त्यानंतर पुसणे, कोरी असल्याची खात्री, लिहिणे, पडताळणी. पडताळणी चुकली तर चिपच गेली असे समजून त्याच क्षमतेची व त्याच व्होल्टची नवी बसवतात. हीच हत्यारे बायोसचा पासवर्ड काढायलाही चालतात. म्हणून बिल किंवा ओळखपत्र न पाहता पासवर्डचा लॅपटॉप टेबलावर घेऊ नये. तो कुणाच्या घरातून आला हे चिप सांगत नाही.

दुरुस्तीनंतर

नव्याने लिहिलेला बोर्ड पहिल्यांदा चालू होताना दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतो आणि पडदा मिनिटभर काळा राहू शकतो. एवढ्यात हात बटणाकडे जाऊ द्यायचा नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेले कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी की मागितली जाते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडू शकते, आणि त्या खात्याचा पासवर्ड अनेकदा यंत्र विकणाऱ्या दुकानदारालाच ठाऊक असतो. डिस्क जोडण्याची पद्धत एएचसीआय होती की रेड, बूट लेगसी (जुन्या बायोसच्या रीतीचे) होते की यूईएफआय, हेही पूर्ववत करावे लागते. तसे न केल्यास निळा पडदा किंवा ‘बूट करण्यासारखे काही सापडले नाही’ असा निरोप येतो, आणि सगळा डेटा गेला म्हणून मालक हबकतो. डेटा जागेवरच असतो. शेवटी तारीख लावायची. ती चार-पाच वर्षे मागे राहिली तर सरकारी संकेतस्थळांचे प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटते, एकही पान उघडत नाही, आणि केंद्रचालक नेट गेले म्हणून इंटरनेटवाल्याला फोन लावतो.